हॉकीची कार्डे

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत डेहराडून येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवी वर्षात बाहेरच्या वक्त्यांबरोबरच आपल्यातल्याच काही सभासदांनी आपापल्या आवडीच्या विषयावर बोलावे, असे कार्यकारी मंडळाने ठरविले आणि आजची संध्याकाळ आमच्या वाट्याला आली. आम्ही केंद्र सरकारच्या नोकरीत उभी हयात फायलींची राखण करण्यात घालविलेले, पदवीने केवळ बी. ए. असे गृहस्थ. व्याख्यानाचा आम्हांस सराव नाही. त्यातून सूचनाफलकावर 'हॉकीची कार्डे' हा विषय वाचून कित्येकांनी मेजर ध्यानचंदांविषयी ऐकावयास मिळेल अशी समजूत करून घेतली आहे, असे आताच चहाच्या वेळी कानावर आले. त्यांची आधीच क्षमा मागतो. आज १९३६ सालचे बर्लिन नाही, जर्मनीवरचे ते आठ गोलही नाहीत आणि खडकीचे धनराज पिल्लेही नाहीत. कॅनडात 'हॉकी' म्हटले की ती बर्फावरचीच. आपल्या हॉकीला तिकडे 'मैदानी' असे विशेषण जोडावे लागते.

हा खेळ आपल्याला अगदीच परका आहे असे मात्र नाही. सरकारी बदलीच्या कृपेने आम्ही दोन हिवाळे लेहमध्ये काढले. गोठलेल्या तळ्यावर जवानांना आणि गावातल्या पोरांना ही हॉकी खेळताना तिथे आम्ही पाहिले आहे. आपल्या डेहराडूनातही २०११ सालच्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी बर्फाचे बंदिस्त मैदान बांधले गेले, हे आपण जाणताच. आणि २०२५ साली आपल्या मुलींच्या संघाने आशिया चषकात कांस्यपदक मिळविले, ही बातमी आपल्यापैकी काहींच्या नजरेतून निसटली असेल.

परंतु आमचा या विषयाशी संबंध जडला तो लेहच्याही पुष्कळ आधी, १९८० साली, सातारच्या वाड्यात. आमचे थोरले चुलतभाऊ, आम्ही त्यांना दादा म्हणत असू, १९७४ साली वहिनींना आणि दोन वर्षांच्या मुलाला घेऊन कॅनडास गेले आणि ऑन्टॅरिओ प्रांतातल्या लंडन नावाच्या शहरात एका कारखान्यात इंजिनियर म्हणून स्थिरावले. ते आमच्याहून पंचवीस वर्षांनी मोठे. त्यामुळे त्यांचा मुलगा वयाने आमच्याहून जेमतेम तीन वर्षांनी लहान असूनही नात्याने आमचा पुतण्या, आणि आजही तो आम्हांस 'काका' म्हणूनच हाक मारतो. त्या वर्षी दादांच्या पत्रात, निळ्या-तांबड्या काठाच्या पाकिटात, पत्त्याएवढे एक जाड चित्र निघाले. मुखवटा घातलेला एक गोलरक्षक, मागच्या बाजूला इंग्रजी आणि फ्रेंच अशा दोन भाषांत मजकूर, आणि त्याखाली दादांच्या वळणदार अक्षरांत देवनागरीत त्याचे नाव. आम्ही तेव्हा काडेपेटीची चित्रे जमवीत होतो. जहाज छाप, चित्ता छाप अशा आमच्या ठेव्यात हा मुखवटेवाला येऊन बसला. बसला म्हणजे आम्ही त्याला खळ लावून वहीत चिकटविला. हा केवढा अपराध होता, हे कळावयास आम्हांस चाळीस वर्षे लागली.

आता थोडा इतिहास. या कार्डांचा जन्म खेळातून झालेला नाही, तो तंबाखूतून झाला. गेल्याच्या मागील शतकात सिगारेटची पाकिटे मऊ कागदाची असत. आतल्या सिगारेटी चुरगळू नयेत म्हणून त्यांत पुठ्ठ्याची एक पट्टी सरकवीत. १८८०च्या दशकापर्यंत व्यापाऱ्यांच्या ध्यानात आले की ही कोरी पट्टी वाया जाते आहे. मग तिच्यावर नट्या, राजे, सैनिक आणि खेळाडू छापले जाऊ लागले. बापाने सिगारेट ओढावी आणि मुलाने चित्रासाठी ती ओढावयास लावावी, असा हा व्यवहार. हॉकीचा पहिला संच काढला तो इम्पीरियल टोबॅको कंपनी ऑफ कॅनडाने, १९१०-११च्या मोसमात. त्यात ३६ रंगीत कार्डे होती. सायक्लोन टेलर, न्यूझी लालोंद, आर्ट रॉस, पॅट्रिक बंधू ही त्या काळची गाजलेली मंडळी त्यांत आहेत. योगायोग असा की त्याच १९१० साली ऑगस्टमध्ये कलकत्त्यात इम्पीरियल टोबॅकोची हिंदुस्थानातली कंपनी उभी राहिली. एकाच नावाच्या दोन बहिणी, एक बर्फात नांदावयास गेली आणि एक हुगळीकाठी!

पुढच्या वर्षी ४५ कार्डे निघाली, त्याच्या पुढच्या वर्षी ५०. १९११-१२च्या संचात माँट्रियलचा तरुण गोलरक्षक जॉर्ज वेझिना प्रथम आला. हा १९२६ साली क्षयाने वारला आणि उत्कृष्ट गोलरक्षकाला मिळणारा चषक आजही त्याच्याच नावाने दिला जातो. मग पहिले महायुद्ध आले, कागदाची टंचाई झाली आणि हा ओघ आटला.

युद्धानंतर कार्डांनी तंबाखूचे दुकान सोडून मिठाईचे दुकान गाठले. बापाकडून ती थेट मुलाकडे आली. ब्रँटफर्ड गावच्या विल्यम पॅटर्सन या मिठाईवाल्याने १९२३-२४मध्ये ४० कार्डांचा संच काढला. अशा संचांत एक मेख असे. पूर्ण संच जमविणाऱ्याला बक्षीस लावावयाचे, पण त्यातले एखादे कार्ड हेतुपुरस्सर अगदी थोडे छापावयाचे. पॅटर्सनच्या संचात पंचविसावे, बर्ट कोर्बो या खेळाडूचे कार्ड असे दुर्मिळ आहे. पुढच्याच वर्षी माँट्रियलच्या मेपल क्रिस्पेटने तीस कार्डे काढली, त्यात पंधरावा स्प्रेग क्लेगहॉर्न गायब! एकोणतीस कार्डे उशाशी ठेवून त्या एकासाठी पोटभर मिठाई खाणाऱ्या पोरांची कल्पना करा. आज ती दोन कार्डेच संग्राहकांच्या सर्वांत लालसेची आहेत. लबाडीला शंभर वर्षे झाली की तिची दुर्मिळता होते.

त्या मानाने सेंट लॉरेन्स स्टार्च कंपनीचा व्यवहार सरळ म्हणावयाचा. तिच्या 'बी हाइव्ह' नावाच्या मक्याच्या पाकाच्या डब्याची खूण टपालाने पाठवावी आणि आपल्याला हव्या त्या खेळाडूचे छायाचित्र मागवावे. हा उपक्रम १९३४ ते १९६७ असा तेहतीस वर्षे चालला. इथे नशिबाचा खेळ नव्हता, मुलगा नाव लिहून मागे आणि तेच चित्र येई. जंगलात, खाणीच्या वस्तीत राहणाऱ्या पोरालाही टपालवाला टोरंटोचा खेळाडू आणून देई.

दुसऱ्या महायुद्धाने पुन्हा खंड पडला. १९५१-५२मध्ये टोरंटोच्या पार्कहर्स्टने १०५ छोट्या कार्डांचा संच काढला आणि आजच्या अर्थाने हा छंद तिथून सुरू झाला. गॉर्डी हाऊ आणि मॉरिस रिशार हे दोन महारथी त्यातच प्रथम कार्डावर आले. ही कार्डे पुड्यांत भरण्यापूर्वी सिमेंट कालविण्याच्या यंत्रात घालून मिसळली, म्हणून त्यांचे कोपरे मार खाल्लेले, अशी एक आख्यायिका सांगतात. खरीखोटी देव जाणे, पण धड कोपऱ्याचे कार्ड मिळणे कठीण हे खरे.

या संचातल्या बावन्नाव्या कार्डापाशी आम्हांस थोडे थांबावेसे वाटते. ते बिल बॅरिल्कोच्या विजयी गोलाचे. २१ एप्रिल १९५१ रोजी जादा वेळेत त्याने माँट्रियलवर गोल केला आणि टोरंटोला स्टॅन्ली चषक मिळवून दिला. वय अवघे चोवीस. ऑगस्टअखेर तो एका मित्राच्या छोट्या विमानातून मासेमारीस गेला, आणि परतताना ते विमान उत्तर ऑन्टॅरिओच्या अरण्यात नाहीसे झाले. महिनोन्‌महिने शोध चालला. आणि त्याच हिवाळ्यात पोरांच्या हातांतल्या पुड्यांतून त्याचा तो गोल बाहेर पडू लागला. घरोघरी मुले ते कार्ड अदलाबदलीत देत-घेत होती आणि माणसाचा पत्ता नव्हता. टोरंटोला पुढे अकरा वर्षे चषक मिळाला नाही. तो मिळाला १९६२च्या एप्रिलमध्ये, आणि काही आठवड्यांतच त्या विमानाचे अवशेष सापडले. दादांनी ही हकीकत आम्हांस पत्रातून कळविली होती. त्या पत्रात बाकी सगळा हवापाण्याचा आणि भाज्यांच्या भावाचा मजकूर होता.

ब्रुकलिनची टॉप्स कंपनी १९५४-५५मध्ये उतरली, पार्कहर्स्ट १९६३-६४नंतर मावळली. टॉप्सच्या १९६६-६७च्या संचात कार्डाची चौकट लाकडी दूरदर्शन संचासारखी होती, आणि तिच्यात बॉबी ऑर हा पोरसवदा बचावपटू प्रथमच दिसला. १९६८पासून कॅनडात ओ-पी-ची या कंपनीच्या नावाने कार्डे निघू लागली. नाव मोठे गमतीचे, कंपनी च्युइंगगमची, आणि तिचा कारखाना दादांच्याच लंडन शहरात. पुडीत कार्डांबरोबर गुलाबी गमची पट्टी असे, तिची साखर शेजारच्या कार्डाला लागे आणि डाग पडे. वहिनी म्हणत, शाळेतून आला की पोराच्या सदऱ्याला त्याच गमचा वास.

१९७९ साली चार नवे संघ मुख्य लीगमध्ये आले. त्यांपैकी एडमंटनच्या संघात ब्रँटफर्डचा, म्हणजे त्या मिठाईवाल्या पॅटर्सनच्याच गावचा, अठरा वर्षांचा एक सडपातळ मुलगा होता. त्याचे नाव वेन ग्रेट्स्की. १९९९ साली तो निवृत्त झाला तेव्हा त्याच्या नावावर ८९४ गोल होते. हा विक्रम २०२५च्या एप्रिलमध्ये रशियाच्या ओवेच्किनने मोडला. ओ-पी-चीच्या १९७९-८०च्या ३९६ कार्डांच्या संचात ग्रेट्स्कीचे कार्ड अठरावे. या संचाची चौकट निळी, त्यामुळे काठ जरा घासला की आतला पांढरा पुठ्ठा दिसतो. शिवाय कारखान्यात कार्डांचे गठ्ठे तारेने कापीत, म्हणून कडा चरचरीत. साहजिकच निर्दोष प्रत जवळपास नाहीच.

आता 'निर्दोष' म्हणजे काय? १९९१पासून कार्डे तपासून त्यांना एक ते दहा असे गुण देणाऱ्या कंपन्या निघाल्या. गुण मिळालेले कार्ड पारदर्शक पेटीत कायमचे बंद होते. ग्रेट्स्कीच्या या कार्डाला दहापैकी दहा मिळालेल्या प्रती दोनच. त्यांतली एक २०१६ साली ४ लाख ६५ हजार डॉलरला गेली, २०२०च्या डिसेंबरात १२ लाख ९० हजारांना, आणि २०२१ साली ३७ लाख ५० हजारांना. आणि २०२४च्या फेब्रुवारीत रेजायना शहरातल्या एका घरात सापडलेले या कार्डांचे अख्खे न उघडलेले खोके, सोळा पेट्या, दहा हजारांहून अधिक कार्डे, ३७ लाख २० हजार डॉलरला विकले गेले. आत काय आहे हे तेव्हा कोणी पाहिलेले नव्हते. उघडले की किंमत गेली! आमच्या आजीच्या फडताळात 'सणासुदीला' म्हणून राखून ठेवलेल्या कपबशा होत्या, त्यांची आठवण झाली.

ही किंमत येते कुठून? आम्हांस पटलेले उत्तर असे की ती आयांनी निर्माण केली. पोरगा मोठा झाला, घर बदलले, की आईने बुटांचा खोका कचऱ्यात टाकला. म्हणून उरले ते मोलाचे झाले. याचा उलटा पुरावा १९९०-९१चा. तेव्हा किमती वाढलेल्या पाहून अनेक नव्या कंपन्या बाजारात आल्या, कार्डे रतीब घातल्यासारखी छापली गेली, आणि लोकांनी ती पोरांच्या शिक्षणासाठी म्हणून माळ्यावर जपून ठेवली. कोणत्याच आईने काही टाकले नाही. आज ती रद्दीच्या भावाने मिळतात.

या छंदाचे दोन टोकांचे दोन उपासक सांगतो. एक जेफरसन बर्डिक, सिराक्यूज गावातल्या विजेच्या सामानाच्या कारखान्यातला साधा कामगार. संधिवाताने बोटे वाकडी झालेली. त्याने कार्डांची पहिली मोठी सूची केली आणि आजही जुने हॉकी संच त्याच्याच अक्षर-अंकांनी ओळखले जातात. आपली तीन लाखांहून अधिक चित्रे त्याने न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन संग्रहालयाला दिली, स्वतः तिथे बसून ती वह्यांत चिकटविली, १९६३च्या जानेवारीत काम पुरे केले आणि मार्चमध्ये तो वारला. (त्यानेही चिकटविलीच की, असा एक दिलासा आम्ही स्वतःस देतो.) दुसरे टोक खुद्द ग्रेट्स्कीचे. त्याने १९९१ साली एका भागीदारासह होनस वॅग्नर या बेसबॉलपटूचे जुने सिगारेट-कार्ड ४ लाख ५१ हजार डॉलरला घेतले. तपासनीस कंपनीने अगदी पहिला क्रमांक देऊन तपासले ते हेच कार्ड, आणि त्याला दहापैकी आठ गुण दिले. २०१३ साली तिकडच्या एका प्रसिद्ध लिलाववाल्याने न्यायालयात कबूल केले की, आपण त्या कार्डाच्या कडा कातरल्या होत्या. ज्या कोऱ्या धारेचे सर्वांनी कौतुक केले, ती कात्रीची होती.

हे सारे आम्ही वाचू लागलो ते २०२१ साली. दादा त्याच्या दोन वर्षे आधी गेले होते. वहिनींची स्मृती ढासळू लागली होती आणि त्यांना वृद्धांच्या शुश्रूषागृहात ठेवावे लागणार होते. तिकडे तो खर्च म्हणजे नोकरदार माणसाचे कंबरडे मोडणारा. साडेसदतीस लाखांची बातमी वाचून पुतण्याने तळघरातला बुटांचा खोका शोधून काढला आणि आम्हांस दूरध्वनी केला. "काका, त्यात ग्रेट्स्की आहे."

दृक्‌श्राव्य भेटीत त्याने एकेक कार्ड कॅमेऱ्यासमोर धरले. ३९६पैकी ३८५ होती. अठरावे होते. निळे काठ बरेच शाबूत, मध्य जवळजवळ बरोबर. आमचेही काळीज धडधडले, खोटे कशाला सांगू! मग त्याने ते उलटे केले. इंग्रजी मजकूर, फ्रेंच मजकूर, आणि खाली निळ्या शाईत, 'वेन ग्रेट्स्की, एडमंटन'. दादांचे अक्षर. सगळ्याच कार्डांवर तसेच. दर रविवारी दादा दहा कार्डे पुढ्यात मांडीत. देवनागरीत नाव वाचले तर कार्ड मुलाचे, नाही तर पुढच्या रविवारपर्यंत दादांचे. आमचा पुतण्या मराठी वाचावयास शिकला तो असा. वर्तमानपत्राच्या अग्रलेखाशी तो आजही अडखळतो, पण 'मार्सेल दियोन' धडाधड वाचतो.

लिहिलेल्या कार्डाला निर्दोषत्व नाही. तिथल्या एका व्यापाऱ्याने काही शे डॉलर देऊ केले. मग आम्ही जे केले ते सांगितल्यावाचून हे भाषण पुरे होणार नाही. शाई काढण्याची रसायने असतात, जुन्या दस्तऐवजांच्या कामामुळे त्यांची नावे आम्हांस ठाऊक होती. ती आम्ही पुतण्याला लिहून पाठविली. अक्षर गेले तरी लेखणीचा दाब राहतो आणि तपासनिसाला तो कळतो, हे आमच्या ध्यानात आले नाही, आणि त्याहूनही, आपण काय पुसावयास सांगतो आहोत हेही आले नाही. दोन दिवस उत्तर नव्हते. तिसऱ्या दिवशी त्याने एवढेच कळविले, "काका, आईला दाखवले. ती माझे नाव विसरली आहे. पण तिने हे अक्षर ओळखले आणि मला विचारले, हे कुठे गेलेत?"

घराच्या तारणावर कर्ज काढून त्याने वहिनींची व्यवस्था केली. ते कर्ज अजून फिटलेले नाही. खोका आता वहिनींच्या खोलीत असतो. त्यातली दहा कार्डे काढून नात आजीपुढे मांडते. ती कॉलेजात शिकते, तिला ही नावे आधी येत नव्हती, आता येतात.

संच पुरा व्हावयास अकरा कार्डे उणी आहेत. त्यांच्या क्रमांकांची यादी आम्ही आणली आहे आणि चिटणिसांच्या मेजावर ठेवली आहे. आपल्यापैकी अनेकांची मुले-लेकी त्या देशात आहेत. जुन्या बाजारात त्यांना ती सहज आणि स्वस्तात मिळावीत, कोपरे मोडलेली असली तरी चालतील. मागची बाजू मात्र कोरी हवी. ती मिळाली की नावे लिहिण्यासाठी इकडे पाठवावयाची, असे नातीने ठरविले आहे. आमचे अक्षर दादांसारखे नाही, हे तिला आम्ही सांगितले आहे.